उरलेलं उद्या

चार प्रश्न झाले, की ती माझ्या कागदावर हाताचा पंजा ठेवायची. "बास आता, बाय. उरलेलं उद्या."

मला अस्सा संताप यायचा! आमच्या संशोधनाचा विषय होता शहरातल्या आदिवासी वृद्धांचं आरोग्य आणि त्यांना न मिळणारे उपचार. एका माणसाला एक तास, असं ठरलेलं. या म्हातारीनं मला इंदिरानगरात पाच खेपा घालायला लावल्या. बंगल्यांच्या मागं तिची पत्र्याची खोली होती. सुरगाण्याकडून नवऱ्याबरोबर बांधकामावर आली, नवरा गेला, ही एकटी राहिली. तुम्हीही तिला पाहिलं असेल. अशा बायका आपल्याला दिसतात सगळ्यांना, बोलायला थांबतो कोण?

"गेल्या आठवड्यात किती मिनिटं व्यायाम केला?" मी छापील प्रश्न वाचला.

ती खो खो हसली. "डोईवर इटा घेऊन चार चार माळे चढले जलमभर. त्याची मिनटं लिव."

मलाही हसू आलं. तो रकाना कोराच राहिला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून अंदाज घ्यायची.

"दवाखान्यात का नाही गेलात, आजी?"

"गेलते ना. माझं बोलणं ऐकून तिथले लोक हसले. मंग गप बसले मी. गप बसल्या माणसाला औषध कसं देतील?"

शेवटी एका शिबिरात मीच तिचं नाव घातलं. ऑपरेशन मोफत, पण सोबत माणूस हवंच. "मी येते," म्हटलं. तिनं माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

नेमकं त्याच सकाळी ऑफिसातून बोलावणं आलं, अहवालाची बैठक. आणि मी बैठकीला गेले! वंचित वृद्धांवर छान बोलले, टाळ्याही मिळाल्या. म्हातारी इकडं धुतलेलं लुगडं नेसून दारात बसली होती. शिबिराची गाडी आली आणि सोबत कुणी नाही म्हणून तिला न घेताच गेली. तरी ती दुपारपर्यंत हलली नाही, असं शेजारणीनं मला नंतर सांगितलं.

चार दिवसांनी तोंड वर करून गेले. "चुकलं माझं, आजी."

"नाय गं. तुला लय कामं."

त्या दिवशी तिनं भराभर सगळी उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न होता, आजारपणात दवाखान्यात न्यायला कोण आहे?

"तू हायस की."

उत्तरात माहिती घेणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, असा आमचा नियम. नियम नसता, तरी कुठल्या तोंडानं लिहिणार होते? मी 'कोणी नाही' लिहिलं.

"लिवलंस का तुझं नाव?"

"लिहिलं, आजी."

पुढच्या शिबिराची तारीख घेऊन गेले, तर खोलीला कुलूप. गावाकडचं कुणीतरी येऊन तिला घेऊन गेलं होतं. कुठलं गाव, ते शेजारणीला माहीत नव्हतं. आमच्या कागदात तालुका होता, गावाचा रकानाच नव्हता. आणि पाच खेपांत मलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

"पण सांगून गेलीय," शेजारीण म्हणाली, "माझी बाय येईल, तिला चहा पाजल्याबिगर धाडू नको म्हणून."

ती चहा ठेवायला आत गेली. मला नको म्हणता आलं नाही. त्या कुलपासमोर बसून मी तो सगळा चहा प्यायले.