अळीने खाल्लेली पानं

आमच्या थोरल्या जाऊबाईंबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की माझा पारा चढतो, आणि कुणी कौतुक केलं तर ते मला थोडं कमीच वाटतं. माझ्या माहेरचे म्हणतात, जावाजावांत इतकं गूळपीठ बरं नव्हे. त्यांना काय कळतंय.

जाऊबाई कापडावर झाडाची पानं काढतात. चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, पडदे. स्वयंपाकघरातलं हात पुसायचं फडकंसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही. सकाळी फिरायला गेल्या की रस्त्यावर पडलेली पानं उचलून आणतात आणि जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत दाबून ठेवतात. चार दिवसांनी जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर कापड ताणायचं, कडांना चिकटपट्टी लावायची आणि खाली पान सरकवायचं. पातळ कापडातून ते दिसतं, आणि अंगठ्याने दाबलं की शिरा हाताला लागतात. आधी पेन्सिलीने कडा, मग मधली शीर, मग तिचे फाटे, आणि शेवटी रंग. एका पानाला तीन हिरवे लागतात असं त्या म्हणतात. मला दोनच दिसतात.

पान जसं असेल तसंच कापडावर उतरवायचं, हा त्यांचा नियम. टोक दुमडलेलं असेल तर दुमडलेलंच. अळीने खाऊन भोक पाडलं असेल, तर तेवढी जागा कोरी सोडायची. "कुणाचं तरी पोट भरलंय त्या पानावर," त्या म्हणतात, "ते लपवायचं कशाला?"

रंग वाळला की कापडाच्या उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवावी लागते. मग तो धुतला तरी जात नाही. इस्त्री माझ्याकडे. पंचवीस वर्षांत मी एकही कापड जाळलेलं नाही, आणि हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

एवढं असून घरात किंमत शून्य. पिकतं तिथे विकत नाही. मोठे भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, लग्न झाल्यापासून अंजिराच्या पानांवर डोकं ठेवून घोरताहेत. उशीवर काय काढलंय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझं डोकं असतं की." भेट दिलेली एक चादर मी नातेवाइकांच्या अंगणात मोटारसायकलवर घातलेली पाहिली. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. मी बोलले. त्या घराशी आमचं येणंजाणं अजून बेताचंच आहे.

म्हणून वाचनालयाच्या बाई आमच्या घरी आल्या तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. जाऊबाई पुस्तकं बदलायला नेतात ती पानं काढलेली पिशवी बाईंच्या डोळ्यांत भरली होती. मुलांच्या दालनाला सहा खिडक्या आहेत, सहा पडदे हवेत, आणि भिंतीवर जाऊबाईंच्या नावाची पाटी लावू, असं त्या म्हणाल्या. नावाची पाटी. जाऊबाईंचं नाव तोवर रेशनकार्डापलीकडे कुठे लागलं नव्हतं. बाई गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "हे बिघडलं ना, तर पुन्हा कुणी विचारणार नाही मला." एवढं मनातलं त्या सहसा बोलत नाहीत.

दीड महिन्यात सहा पडदे रंगून झाले. तुती, अंजीर, डाळिंब, द्राक्षाचा वेल. शेवटचा रंग वाळायला लागला आणि जाऊबाईंना दोन दिवस लेकीकडे जावं लागलं, तिचं घर बदलायचं होतं. पडदे सोमवारी लागायचे होते. "इस्त्री तेवढी करून ठेव," म्हणाल्या.

पडदे गच्चीवर वाळत होते. शेजारीण आली, वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "छान आहेत, पण रंग कमी पडला वाटतं मधे मधे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. राग तिचा आला, पण मनात पाल चुकचुकली. घरातल्या चादरींचं ठीक आहे; इथे गावभर लोक बघणार, आणि जाऊबाईंच्या नावाखाली बघणार. मी हिरवा रंग कालवला आणि एकूण एक भोक भरून टाकलं. एक्केचाळीस भोकं. वर कडक इस्त्री फिरवली. त्या रात्री मला काय शांत झोप लागली म्हणून सांगू.

शनिवारी जाऊबाई परत आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी पडदे पाहिले.

"भोकं कुठे गेली?"

"भरली मी. राहून गेल्यासारखी दिसत होती."

"इस्त्री केलीस?"

"केली."

त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्यासमोर दार लावलं नव्हतं. मग मी पडदे त्यांच्या नजरेने पाहिले. माझा हिरवा प्रत्येक पानावर ठिगळासारखा बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाहेर खुर्चीत बसून राहिले. भावजींनी चहा मागितला, तर त्यांच्यावरच ओरडले.

संध्याकाळी दार उघडलं. जाऊबाई टेबलाशी आल्या, पडदा पसरला आणि एका ठिगळावर पांढऱ्या रंगाचे चार फटकारे मारले. तो वाळल्यावर वर पिवळा दिला, दोन काळे ठिपके ठेवले. अळी. पानाच्या मधोमध ऐटीत बसलेली.

"भोक पडायचंय अजून," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे जेवायला बसलीय." आणि कुंचला माझ्यापुढे धरला.

"मला नाही येत. मी बिघडवीन."

"बिघडवून झालंय तुझं. आता घे."

रविवारी दिवसभर मी अळ्या काढल्या. एक जाऊबाईंची, चाळीस माझ्या. माझ्या सगळ्या खात्यापित्या घरच्या झाल्या. भावजी वाकून बघत म्हणाले, "शेंगा आहेत का?" त्यांनी पहिल्यांदाच त्या पानांकडे नीट बघितलं, म्हणून मी सोडून दिलं. रात्री सहाही पडद्यांवर पुन्हा इस्त्री फिरवली.

सोमवारी पडदे लागले. खिडक्यांतून ऊन आलं आणि पानं अशी उजळली की मला भरून आलं. वाचनालयाच्या बाई एकेका पडद्यापाशी थांबत पुढे गेल्या. मग वळल्या.

"अळ्यांचं काही बोलणं झालं नव्हतं आपलं."

सगळी चूक कबूल करायची असं मी घरून ठरवूनच आले होते. तोंड उघडलं, तेवढ्यात जाऊबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अळ्या माझ्या धाकट्या जावेच्या हातच्या आहेत," त्या म्हणाल्या. "पाटीवर तिचंही नाव घाला. मला नाही जमत तसल्या."

बाईंनी दोन्ही नावं लिहून घेतली. मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं. आमच्या घरात कुणाला हे खरं वाटत नाही. तसल्या अळ्या त्यांना जमत नाहीत, हे जाऊबाई धडधडीत खोटं बोलल्या. त्यांची अळी तिसऱ्या खिडकीत आहे, डावीकडे खाली, तुतीच्या पानावर. चाळीसांत उठून दिसते. जाऊन बघा.