भरली की सुटते

म्रिका बारा वर्षं बर्न शहरात सिटी बस चालवते. तिकडे सहा एकतीसची बस बत्तीसला सुटली तर लोक तक्रार करतात, आणि म्रिकाच्या नावावर आजवर एकही तक्रार नाही. त्याचा तिला भारी तोरा! माहेरी, पुका गावाला आली की बापाच्या फुर्गोनला नाकं मुरडायची. फुर्गोन म्हणजे तेरा सीटचं वडाप. भरली की सुटते. घड्याळ बघून तिच्या बापाने, बार्धोकने, ती पंचवीस वर्षांत कधी हलवली नव्हती.

यंदा नेमका त्याचा हात मोडला.

"बाबा, आठवडाभर तिरानाची फेरी मी मारते. पण साडेसहा म्हणजे साडेसहा!"

"मार की. गाडी तुझीच आहे. माणसं मात्र इथली आहेत, एवढं ध्यानात ठेव."

पहिल्याच सकाळी साडेसहाला गाडीत अकरा जण होते. कॅफेवाला ल्यूश दारात कप पुसत उभा होता. म्रिकाने काचेतून ओरडून विचारलं, "अजून कोणी यायचंय?" ल्यूशने मान डावीउजवीकडे हलवली. म्रिकाने गिअर टाकला. एक मिनिटही उशीर नाही! तिला शीळ घालावीशी वाटली.

पंधरा मिनिटांनी बापाचा फोन आला. मागच्या बाईने तो तिच्या कानाला लावला.

"प्रेंदामावशी कुठाय? दहाला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे! सात महिन्यांनी नंबर लागलाय. आजचा चुकला की पुन्हा सात महिने. म्हातारी कॅफेच्या मोरीत तोंड धुवत होती, तेवढ्यात गेलीस तू!"

"पण ल्यूश नाही म्हणाला!"

"मान आडवी हलवली ना? अगं, आपल्याकडे आडवी म्हणजे हो! बारा वर्षांत मानसुद्धा परदेशी झाली का तुझी?"

म्रिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोनमधला आवाज अख्ख्या गाडीने ऐकला होता. आता अकरा तक्रारी, असं तिला वाटलं. मागून गलका झाला तो वेगळाच.

"वळव, पोरी!"

"मला कोर्टात तारीख आहे, पण तू वळव!"

"ल्यूशला फोन लावा रे, म्हणावं घेऊन ये तिला!"

घाटातल्या एका अरुंद वळणावर म्रिकाने तीन झटक्यांत गाडी फिरवली. अर्ध्या वाटेवर, पुलापाशी, समोरून ल्यूशची मोटारसायकल धडधडत आली. मागे अठ्ठ्याहत्तर वर्षांची प्रेंदा, त्याच्या कमरेला घट्ट मिठी मारून! गाडीत टाळ्या पडल्या. दोघांनी तिला उचलूनच सीटवर बसवलं.

मग म्रिकाने गाडी पुन्हा तिरानाकडे फिरवली आणि अशी हाणली की बर्नमध्ये कोणी पाहिलं असतं तर लायसन गेलं असतं. "ट्रक आलाय!" "आता काढ, मोकळा आहे!" सगळे मिळून गाडी चालवत होते. म्रिका घामाने चिंब झाली होती आणि हसत होती. एवढी मजा तिला बारा वर्षांत आली नव्हती.

दहाला आठ मिनिटं असताना फुर्गोन दवाखान्याच्या दारात थांबली. म्रिकाने प्रेंदाला हात देऊन उतरवलं.

"मावशी, चुकलं माझं."

"चुकलंच! उद्या पट्टी सुटू दे, तुझं तोंड नीट बघून शिव्या घालते."

"घाला. न्यायला मीच येईन."

"किती वाजता निघायचं?"

म्रिकाने सवयीने मनगटाकडे पाहिलं, आणि मग हात खाली सोडला.

"तुम्ही येऊन बसलात की."