जे. पी. नगरचा की होसकोटेचा? दोन जुन्या कॅमेऱ्यांमागे एक शनिवार-रविवार

आईला कॅमेरा हवा होता. मोबाइलमधला नाही. "गळ्यात लटकवायचा, खरा," असं तिने जेवताना जाहीर केलं आणि पुन्हा वरणभात कालवायला लागली.

बाबा गेल्यापासून ती नागपूरला एकटी असते. यंदा कशीबशी दीड महिन्यासाठी माझ्याकडे व्हाइटफील्डला आली आणि आमच्या कॉम्प्लेक्समागच्या तळ्याच्या प्रेमात पडली. मी ऑफिसला गेले की ही बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची. संध्याकाळी मोबाइलवरचे फोटो दाखवायची. राखाडी पाणी आणि त्यात एक पुसट पांढरा डाग. "हा बगळा," ती म्हणायची. मी लॅपटॉपवरून नजर न काढता "मस्त" म्हणायचे.

तिचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं आणि तिने इथेच राहावं असं मला वाटत होतं. तसं थेट म्हटलं की ती विषय बदलते, म्हणून मी कॅमेऱ्याचं आमिष लावायचं ठरवलं. नवीन घेऊन माळ्यावर पडला तर जिवाला लागेल, तेव्हा सेकंडहँड. शोधता शोधता दोन डीएसएलआर सापडले, दोन्ही नवशिक्यांसाठीचे, दोन्ही दहा-बारा वर्षं जुने आणि दोन्हींची किंमतही साधारण सारखीच. एक जे. पी. नगरला, एक होसकोटेला, म्हणजे माझ्या घरापासून दोन विरुद्ध दिशांना. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कमेंटमध्ये मारामाऱ्या होतात. ज्या गावचा कॅमेरा, तेच त्याचं नाव.

आठवडाभर मी व्हिडिओ पाहिले आणि रोज माझं मत बदललं. होसकोटेवाल्यात मेगापिक्सेल जास्त. पण एक दाढीवाला म्हणे, मेगापिक्सेलला विचारतो कोण, त्वचेचा रंग बघा, तो जे. पी. नगरवाल्याचाच. दुसरा म्हणे, रंग नंतर बदलता येतात, आधी फोकस बघा. तिसऱ्याच्या मते दोन्ही भंगार, मोबाइल वापरा. होसकोटेवाल्याला जुन्या लेन्स लावल्या तर फोकस हाताने करावा लागतो, हे कळल्यावर मी एक संध्याकाळ काळजीत घालवली. आमच्याकडे एकही जुनी लेन्स नाही, हे झोपताना आठवलं.

आईचा प्रश्न एकच होता. "जड कोणता आहे?"

"आई, लोक हलका कोणता विचारतात."

"मला जड पाहिजे."

मला वाटलं, जड ते टिकाऊ, हा तिचा पातेल्यांबाबतचा नियम इथेही लागू असावा.

शनिवारी सकाळी निघालो. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते, व्हाइटफील्डहून जे. पी. नगरला कॅबच्या फंदात पडू नका, आयुष्य सिग्नलवर जाईल. मेट्रोच्या पर्पल लाइनने मॅजेस्टिक स्टेशन, तिथे खाली उतरून ग्रीन लाइन. तिकीट माणशी शंभराच्या आत आणि शनिवारी बसायला जागा मिळते. मॅजेस्टिकला सरकत्या जिन्यावर आईने माझा दंड घट्ट धरला. तिला जिन्यांची भीती कधी नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "गर्दी किती आहे, बाप्पा!" गर्दी काही फार नव्हती.

स्टेशनबाहेर उभ्याने खायच्या एका हॉटेलात तट्टे इडली खाल्ली. ताटलीएवढी, लुसलुशीत, एकीत पोट भरतं. कॉफी मात्र आईने तशीच ठेवली. "काठोकाठ भरतात हे लोक," म्हणाली आणि माझी पिऊन होईपर्यंत पेल्याकडे बघत राहिली.

कॅमेरा विकणारा कार्तिक नावाचा मुलगा होता, माझ्याच वयाचा, नोकरीसाठी परदेशी निघालेला. घरभर खोकी. कॅमेरा छान होता. हातात भरणारी पकड, बॅटरी तगडी, आतापर्यंत काढलेल्या फोटोंचा आकडाही वयाच्या मानाने कमी. आईने तो दोन्ही हातांनी उचलला, वजनाचा अंदाज घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "हा घेऊ," ती लगेच म्हणाली. मी डोळ्यांनीच दटावलं. घासाघीस व्हायची होती अजून.

गॅलरीसमोरच्या नारळावर एक घार बसली होती. आईने फोटो काढले. मी पडद्यावर मोठे करून पाहिले. सगळे हललेले. एका घारीच्या तीन घारी.

"फोकसचा प्रॉब्लेम आहे," मी हिंदीत म्हणाले.

"नाही हो," कार्तिक म्हणाला, "या लेन्समध्ये हादरा सांभाळायची सोय नाही. आंटी, जरा स्थिर धरा." आईने पुन्हा काढले. पुन्हा तेच. मग त्याने स्वतः घेऊन एक काढला आणि तो स्वच्छ आला.

आठवडाभराचे व्हिडिओ माझ्या डोक्यात होते. मला वाटलं, याने सेटिंग बदललं. तसं मी म्हणालेसुद्धा. त्याचा चेहरा पडला. "मॅडम, नको असेल तर नका घेऊ," तो म्हणाला आणि टोपण लावून कॅमेरा पिशवीत ठेवला. आई मध्ये बोलेल असं वाटलं, कारण मी कुणाशी असं बोलले की ती नेहमी बोलते. पण ती पदराखाली हात घेऊन खोक्यांकडे बघत होती.

परतीच्या मेट्रोत म्हणाली, "राहू दे नं कॅमेरा. कशाला उगीच."

"उद्या होसकोटे आहे. त्या लेन्समध्ये ती सोय आहे."

"सोय असली की फोटो हलत नाही?"

"नाही."

"मग पाहू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका आशेचा होता की मला कळेना, ही एवढी का खूश झाली.

रविवारी होसकोटेला कॅबने गेलो. काडुगोडीवरून रस्ता सरळ आहे, पण लॉऱ्या रविवारीही असतात, सकाळी लवकर निघालेलं बरं. होसकोटे सकाळच्या बिर्याणीसाठी प्रसिद्ध आहे आणि उजाडतानाच तिथे रांगा लागतात. आम्ही रांगेकडे बघून पुढे गेलो, आईचा रविवारचा उपास.

कॅमेरा सुगुणाअक्कांचा होता. त्यांचं घर तलावाजवळ, खाली छोटा फोटो स्टुडिओ. बारशांचे, साखरपुड्यांचे फोटो काढतात. आता नवा कॅमेरा घेतल्यामुळे जुना विकायला काढला होता. पिढ्यान्‌पिढ्या इथलं मराठी घर. आमचं बोलणं ऐकून दारातच म्हणाल्या, "मराठीच नव्हं तुम्ही? या, या अम्मा. स्वल्प काफी घेऊन मग बघू." त्यांचं मराठी आणि आईचं नागपुरी एकमेकांना न अडखळता कसं समजत होतं, याचं मला आश्चर्य वाटलं.

हा कॅमेरा पहिल्यापेक्षा हलका. बरोबर पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्स. आईने तो उचलला आणि जराशी खट्टू झाली, पण मी लेन्सवरचं हादरा सांभाळायचं बटण दाखवल्यावर सावरली. "तळ्यावरच जाऊन बघा की," अक्का म्हणाल्या आणि आम्हाला बांधावर घेऊन गेल्या.

तलाव मोठा आहे, पक्षीवाल्यांची ये-जा असते, चपला नीट घाला, बांधावर काचा आहेत. काठाजवळच्या एका वाळक्या फांदीवर खंड्या बसला होता. अगदी फोटो काढा म्हणून बसावा तसा. आईने काढले. मी पाहिले.

निळा फराटा. दुसरा निळा फराटा.

"हाही खराब!" मी म्हणाले. "असं कसं?"

अक्कांनी कॅमेरा घेतला, एक फोटो काढला आणि मला दाखवला. खंड्याच्या चोचीवरचा ओरखडासुद्धा दिसत होता. मग त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. मी काढला. तोही स्वच्छ. माझ्यासारखीचा, जिने आयुष्यात असला कॅमेरा धरला नव्हता.

अक्कांनी आईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सरी, बरं, मी काफीचं बघते, तुम्ही या सावकाश," आणि उतरून घराकडे गेल्या.

आईने पदराखालून उजवा हात काढला आणि माझ्यासमोर धरला. बोटं हलत होती. थंडीत हलतात तशी.

"कॅमेरे दोन्ही चांगले आहेत," ती म्हणाली. "त्या पोराला उगीच बोलली तू."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. डॉक्टरकडे गेली होती मी. कंपवात असेल म्हणे, नसेलही. गोळी देऊन राहिले, पाहू म्हणतात."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मला इथंच ठेवून घेतलं असतं."

"मग? त्यात काय वाईट आहे?"

तिने खंड्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "मोबाइलमध्ये फोटो हलून येते. मला वाटलं, हलक्या वस्तूनं हात हलते. जड काही धरलं तर थांबेल."

त्या क्षणी मला रागही आला होता आणि नव्हताही. डॉक्टरांचं नाव विचारावं की तिचा हात धरावा, हेही सुचेना. शेवटी मी अत्यंत निरुपयोगी वाक्य बोलले. "यात शटर स्पीड वाढवता येतो."

"त्यानं काय होते?"

"नीट माहीत नाही," मी म्हणाले. आणि मग धरला हात. मुठीत घेतला तरी तो हलत होता.

होसकोटेवाला घेतला. अक्कांनी दोन गोष्टी दाखवल्या, स्पीड कुठे वाढवायचा आणि कोपर कशावर टेकवायचं. पैसे थोडे कमी केले, मी म्हटलं नसताना. त्या संध्याकाळी मी कार्तिकला मेसेज करून माफी मागितली. त्याचं उत्तर आलं, "आंटीला सांगा, घार छान दिसली होती."

आता तुम्ही विचाराल, दोघांतला चांगला कोणता? इतकं हिंडून मला खरंच सांगता येत नाही. हात स्थिर असेल तर दोन्ही उत्तम. नसेल तर हादरा सांभाळणारी लेन्स थोडी मदत करते, उजेड भरपूर असेल तर आणखी थोडी, पण सगळी नाही. हे मला कुठल्या व्हिडिओत सापडलं नाही.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. आईने नागपूरचं तिकीट पुढे ढकललंय, रद्द केलेलं नाही. ते रद्द करावं असा हट्ट धरावा का, मला ठरवता येत नाही. तिचं घर तिकडे आहे, तिच्या मैत्रिणी तिकडे आहेत, आणि ती मूल नाही.

आज सकाळी आम्ही मागच्या तळ्यावर गेलो. कोपर टेकवायला कठडा नव्हता, तेव्हा आई म्हणाली, "तू बस इथं समोर." मी गवतात बसले. तिने माझ्या खांद्यावर लेन्स टेकवली. कानाशी तिचा श्वास ऐकू येत होता. पाण्यात एक पाणकावळा पंख पसरून वाळवत उभा होता. लेन्सचा बारीक थरथराट माझ्या खांद्यात उतरत होता, तिचा हात इतक्या जवळून मला पहिल्यांदाच कळत होता. मी डोळे मिटून घेतले.

"अगं, हलू नको," आई म्हणाली. "आता तू हलून राहिली."