चहात घालायचा बर्फ

चाँदबीला कुणी गार झालेला चहा दिला, तर ती तो सरळ मोरीत ओतायची. तेही देणाऱ्याच्या देखत. कामशेत स्टेशनाबाहेर नवऱ्याच्या जोडीनं बत्तीस वर्षं चहाची गाडी चालवलेली बाई ती! तिच्या लेखी गार चहा देणं म्हणजे घरी आलेल्याला "ऊठ आता" म्हणणंच होतं.

इब्राहिम शेगडीपुढे उभा असायचा, चाँदबी आलं ठेचायची आणि कप विसळायची. पाणी काय, मिळेल ते. कधी नळाचं, कधी टँकरचं, पावसाळ्यात तर चहापत्ती टाकायच्या आधीच चहासारखं दिसायचं. कुणी गिऱ्हाइकानं नाक मुरडलं की इब्राहिम उकळत्या पातेल्याकडे बोट दाखवायचा. "तीन उकळ्या दिल्यात भाऊ. चहात गेलं ते पाक झालं."

दिवसातून चार वेळा तरी हे वाक्य चाँदबीच्या कानावर पडायचं. पाक म्हणजे शुद्ध, आणि त्यात खोटं तरी काय होतं? बत्तीस वर्षांत त्यांच्या चहानं कुणाचं पोट बिघडलं नाही. पाण्याचा विचार करायचा असतो तो पातेल्याच्या बाहेर, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

तंबाखूनं इब्राहिमचा घात केला. जिभेच्या मुळाशी गाठ आली आणि गाडी बंद झाली. मार्चपासून नवराबायको रोज लोकलनं तळेगावच्या दवाखान्यात जाऊ लागली. तिथं यंत्राखाली गळ्याला शेक द्यायचे आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून औषध. शेकानं गाठ भाजायची ती भाजत होती, पण तोंडही भाजत होतं. आतून सगळं सोललं गेलं. जिभेची चव गेली. भाताची पेज गिळतानासुद्धा माणूस डोळे घट्ट मिटायचा आणि चाँदबी दुसरीकडे बघायची.

दर सोमवारी वजन व्हायचं. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी काटा बघून डॉक्टर म्हणाले, "बाबा, पोटात काही जायलाच पाहिजे. तोंडानं जमत नसेल तर नाकातून नळी घालू. शेक अजून तीन आठवडे आहेत, मध्येच थांबवता येणार नाहीत."

नळीचं नाव काढताच इब्राहिम खुर्चीवरून उठला. त्याच्या थोरल्या भावाला नळी लावली होती. दीड महिना ती नाकात घेऊन तो पडून होता, आणि तिच्यासकटच गेला. घरी आल्यावर इब्राहिम फाटक्या आवाजात म्हणाला, "चाँद, नळी लावलीस तर मी उपटून टाकीन. आन् मरीन. सांगून ठेवतो."

"मरायचं नाव काढलं तर आधी माझ्याशी गाठ हाय," चाँदबी म्हणाली. पण आता या माणसाच्या घशाखाली काय आणि कसं उतरवायचं, या एकाच विचारानं तिला घेरलं.

वाट काढली ती मुलीनं. उमेरा लोणावळ्याला एका मोठ्या हॉटेलात चहा-कॉफीच्या काउंटरवर होती. तिथं मुंबईची मंडळी उंच काचेच्या ग्लासात बर्फ घातलेला मसाला चहा पीत. उमेरानं पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा चाँदबी म्हणाली होती, "पैशाला पासरी झालेत येडे." आता उमेरा सुट्टी घेऊन आली आणि तिनं तोच चहा अब्बांसाठी करून दाखवला. पाण्यात वेलदोडा, दालचिनीची काडी आणि बडीशेप खळखळून उकळायची. मग चहापत्ती, जरा जास्तच. आलं नाही, मिरी नाही, त्यानं तोंड पेटेल. गाळून गार करायचा, साखर, आणि तापवून गार केलेलं सायीसकट दूध. वर बर्फाचा चुरा. गारव्यानं घसा बधिर होतो, आणि बधिर झाला की गिळता येतं.

जाताना उमेरानं बजावलं, "अम्मी, बर्फसुद्धा घरचाच हं. पाणी उकळून फ्रीजमध्ये लावायचं."

"व्हय गं बाई, चहा मला शिकवतीस व्हय?"

आणि काय सांगावं, जादूच झाली! इब्राहिमनं पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला, अर्धा ग्लास संपवला. चव लागत नव्हती, पण उतरत होतं. दोन दिवसांनी त्या चहात चाँदबी नाचणीचं सत्त्व कालवायला लागली. दिवसाला चार ग्लास. पुढच्या सोमवारी काटा खाली गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "छान, हेच चालू ठेवा." बत्तीस वर्षं गार चहा मोरीत ओतलेली ती बाई लोकलमध्ये खिडकीशी बसून पदरानं डोळे पुसत होती. शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई, चहा पेलेत माझे मालक."

मग गुरुवार आला. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे कामशेतात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या गुरुवारी सकाळी गेलेली लाईट दुपारचे तीन वाजले तरी आली नाही. फ्रीजच्या वरच्या कप्प्यातलं पाणी पाणीच राहिलं. तळेगावहून उन्हातून आलेला इब्राहिम पलंगावर पडून होता. सकाळपासून पोटात काही नाही. बिनबर्फाचा चहा तिनं चमच्यानं घालून पाहिला. त्यानं तो तसाच बाहेर टाकला आणि मान भिंतीकडे वळवली.

चाँदबीनं टॉवेल उचलला, डबा उचलला आणि ती बाजाराकडे पळत सुटली. मासळीच्या गल्लीच्या तोंडाशी बर्फाच्या लाद्या उतरतात. लादी फोडणारा माणूस ओळखीचा नव्हता. तिनं डबा पुढे केला तसा तो म्हणाला, "मावशी, खायचा न्हाई ना?"

"खायचा कुटं? चहात घालायचाय."

तो हसला. चहात कुणी बर्फ घालतं का! म्हातारी थट्टा करतेय असं वाटलं असणार त्याला. त्यानं टोच्यानं एक मोठा तुकडा काढून टॉवेलात टाकला. चाँदबी मात्र थट्टा करत नव्हती. तिनं अगदी सरळ उत्तर दिलं होतं. चहात गेलं ते पाक झालं.

घरी येऊन तिनं तो बर्फ वरवंट्यानं फोडला, चहात घातला. इब्राहिमनं एक चमचा घेतला. थांबला. मग म्हणाला, "चाँद, आज चव लागली."

"काय म्हनता!"

"व्हय. कसली ते कळंना. पर कायतरी लागतंय जिभेला."

महिन्याभरात पहिल्यांदा लागलेली चव! चाँदबीच्या आनंदाला पारावार उरला नाही. उमेराला फोन लावला, "तुझ्या अब्बाला चव आली गं!" पण बर्फ कुठला, ते ना तिनं सांगितलं, ना तिला सांगावंसं वाटलं. संध्याकाळी लाईट आली, फ्रीजमध्ये घरचा बर्फही जमला. पण तो कोण वापरतंय? ज्या बर्फानं चव आली तोच चांगला. टॉवेलात गुंडाळलेला तुकडा तिनं फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवून शुक्रवारपर्यंत पुरवला आणि दुपारी जाऊन दुसरा आणला.

शनिवारी पहाटे उलट्या सुरू झाल्या, मागोमाग जुलाब, मग ताप. तळेगावला नेईपर्यंत माणसाच्या अंगात त्राण राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आल्यात, साधा संसर्गही अशा वेळी झेपत नाही. "बाहेरचं काही दिलं होतं का? पाणी उकळून देता ना?"

"सगळं उकळून देते सायब," चाँदबी म्हणाली. तिच्या परीनं ते खरंच होतं.

रविवारी ती लुंगी आणि वाटी-चमचा न्यायला घरी आली. ओट्यावर बर्फाचा डबा तसाच पडलेला. टॉवेल धुवायला टाकावा म्हणून तिनं उचलला, आणि हात नाकाशी गेला. मासळीचा वास. कुबट, खारट, लादीखालच्या भुशाचा आणि गंजक्या टोच्याचा. लादी फोडणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला. खायचा न्हाई ना?

पातेलं उकळतं. चहा उकळतो, दूध उकळतं. बर्फ वरून पडतो, शेवटी. तो उकळत नाही. पहिलीतल्या पोराला कळेल एवढी गोष्ट, आणि सगळा जन्म चहा उकळण्यात गेलेल्या बाईला कळली नाही! तिनं तो टॉवेल पिशवीत कोंबून पेटीच्या तळाशी ठेवला.

दवाखान्यात परतली ती डॉक्टरांना सांगायचं ठरवूनच. उमेरा बापाचे पाय चेपत बसली होती. डॉक्टर आले, नाडी बघितली, कागदावर काही लिहिलं. चाँदबीनं तोंड उघडलं. मग नवऱ्याची चादर सारखी केली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. सांगून काही बदललं असतं का, कोण जाणे. पण ती बोलली नाही, हे खरं.

संध्याकाळी इब्राहिमनं डोळे उघडले. "चहा," म्हणाला.

"देते हं," चाँदबी म्हणाली. "देते."

सोमवारी दुपारी तो गेला. वजनाचा वार होता.

लोक म्हणाले, मोठा आजार होता, सुटला बिचारा. चाँदबी मान हलवायची. उमेरा मात्र सुकत चालली. कामावर परत गेली तर तिनं चहाच्या काउंटरवरून भांडी घासण्यावर बदली मागून घेतली. का, ते घरी सांगितलं नाही. ते कळलं चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी.

चाळिसाव्या दिवशी फातिहा पढतात, तेव्हा गेलेल्या माणसाच्या आवडीचं करून ठेवायचं असतं. काय काय करायचं याची चर्चा चालली होती. गाडीशेजारी भाजी विकणारी अंबूबाई मदतीला आली होती. ती सहज बोलून गेली, "भाऊंना तो बर्फाचा चहा लय गोड लागायचा शेवटाला. एक गिलास त्योबी ठिवा."

उमेराच्या हातातलं ताट खाली पडलं. "तो नाही! तो मी नाही करणार! त्या चहानंच गेले अब्बा. मीच शिकवला तो. दवाखान्यात गुगलवर वाचलं मी, असल्या पेशंटला नीट उकळलेलंच द्यायचं असतं. माझंच काहीतरी चुकलं, अम्मी. मीच मारलं त्यांना."

अंबूबाई घाबरून "आगं पोरी, आसं न्हाई बोलू" म्हणत राहिली. चाँदबी उठली. पेटी उघडली, तळाची पिशवी काढली आणि टॉवेल मुलीच्या मांडीवर ठेवला. चाळीस दिवस बंद राहून वास आणखी उग्र झाला होता.

"तुझा चहा बरोबर होता," ती म्हणाली. "बर्फ माझा. गुरवारी लाईट नव्हती. मी मासळीच्या लादीचा आणला, दोनदा. त्यांना चव लागली म्हनून परत आणला. डॉक्टरनं इचारलं तवा मला ठावं नव्हतं. रविवारी कळलं. तवाबी बोलले न्हाई."

उमेरानं टॉवेल नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. मग एवढंच विचारलं, "चाळीस दिवस, अम्मी? मला असं बघत होतीस, आणि चाळीस दिवस?"

लेक जळतेय हे चाँदबीला दिसत होतं, तरी तोंड उघडायची तिला भीती वाटली होती. नवरा गेला, आता हीपण जाईल, ही ती भीती. दुसऱ्या दिवशी फातिहा झाला. जेवणं झाली. गार चहा कुणी ठेवला नाही. उमेरानं शेवटच्या माणसाला पान वाढलं, भांडी आवरली, आणि आईकडे न बघता लोकल गाठली.

पाच आठवडे फोन नाही. चाँदबी लावायची, तो नुसता वाजायचा. ती स्वतःपुरता अर्धा कप चहा करायची, तोही निम्मा राहायचा. गार व्हायचा. आता तो ती मोरीत ओतत नव्हती, तसाच प्यायची.

जुलैमधल्या एका गुरुवारी दुपारी फोन वाजला. उमेरा होती.

"लाईट गेलीय का तिकडं?" तिनं विचारलं.

"गेलीय."

"मग पाणी उकळून पी," उमेरा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

चाँदबीनं उठून शेगडी पेटवली. पाण्याला उकळी आली. ती तिथंच उभी राहिली, आणि तिनं त्याला तीन उकळ्या येऊ दिल्या.