नमुन्याला लागलेली हळद

'उस्मानाबादी' म्हणून विकलेलं मटण खरंच आपल्या भागातलं आहे का, हे प्रकाश टाकून ओळखणाऱ्या यंत्रावर मी काम करते. तुलनेसाठी जन्मापासून इथंच चरलेल्या बोकडाचं मांस लागतं. दोन महिने शोधल्यावर सास्तूर गावात तसा एक मिळाला.

आज तो कापणाऱ्या खाटीकमामांच्या दुकानात नमुन्याचा डबा उघडला, तर मांस पिवळं.

"मामा, हे काय?"

"हळद-मीठ लावलंय ताई. लई ऊन हाय, वास सुटला असता."

"मला नुसतंच हवं होतं."

"नुसतं कोण खातंय?"

नमुना बाद. यंत्राला आता आधी हळदच दिसणार. 'धुऊ नका, गोठवू नका' असं मी लिहून दिलं होतं. हळदीचं लिहिलं नव्हतं. चूक माझी आहे, तरी चिडचिड जात नाही.

तुमच्या घरी मटण आल्याआल्या त्याला काय काय लावतात? सगळं सांगा, पुढच्या सूचनांत लिहायचं आहे.