मोठमायचा फोटो

तो फोटो मीच काढला होता. नंतर अनेकांनी माझी समजूत घातली. शाळेच्या ऑफिसने तो पुढे पाठवला, तिथून कोणी कोणी आणखी पुढे पाठवला, यात तुमचा काय दोष, असं म्हणाले. पण मोबाइल माझा होता, आणि त्या दोघींना कळू न देता, दाराआडून मीच तो काढला होता.

मी धुळ्याला, देवपूरमधल्या एका कॅथलिक शाळेत मराठी शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण साक्री तालुक्यात झालं, आधी जिल्हा परिषदेच्या आणि मग गावच्या हायस्कुलात. वडील बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, आणि या शाळेत मुलाखतीला आले तेव्हा इंग्रजीत तीन वाक्यं बोलून अडकले. मुख्याध्यापिका सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मराठीत बोला. मुलांना मराठीच शिकवायचंय ना?" त्या एका वाक्याने मला नोकरी दिली असं मी आजही मानते. हे सांगायचं कारण असं की पुढे जे घडलं त्यात सिस्टरांना खूश करायची माझी हौसही होती. ती लपवून उपयोग नाही.

सिस्टरांनी आठवी-नववीसाठी शनिवारची सेवा सुरू केली आणि ती माझ्याकडे दिली. त्या म्हणाल्या, "या मुलांना विचारा, कशासाठी शिकता? 'मार्कांसाठी' म्हणतील. आपला कोणाला तरी उपयोग होतो हे त्यांना एकदा कळू दे. बाकी त्यांचं ते बघतील." मला ते मनापासून पटलं. शहराबाहेर एक वृद्धाश्रम होता. शनिवारी शाळा सुटली की मी वीस मुलं घेऊन तिथे जायला लागले.

पहिले काही शनिवार आम्ही काय केलं ते आठवलं की लाज वाटते. गाणी म्हटली, केक कापला. ज्याचा वाढदिवस असेल त्याने तो आश्रमात करायचा अशी कल्पना मीच काढली होती. पण तीच कल्पना गावातल्या सगळ्या भल्या लोकांनाही सुचलेली होती. तिसऱ्या शनिवारी एका आजोबांनी ताटलीतला केक बाजूला सरकवला आणि विचारलं, "आज कोणाचा?"

"याचा, आजोबा."

"परवा एका डॉक्टरच्या पोराचा होता. त्याच्या आधी कोणत्या तरी साहेबाचा. माझा सोडून सगळ्यांचा होतो इथे. बरं, डायबेटिसवाल्यांना काही आणलंय का?"

मुलं हसली. मीही हसले, आणि पुढच्या शनिवारी केक बंद केला. पण केकऐवजी काय करायचं ते मला सुचत नव्हतं. ते सुचलं एका मुलीला.

ही नववीतली मुलगी कापडाच्या दुकानदाराची, घरी मारवाडी बोलणारी. तिच्या प्रगतिपुस्तकात प्रत्येक शिक्षकाने 'लक्ष नाही' असं लिहिलेलं होतं, मीसुद्धा. मोठी होऊन काय करणार असं विचारलं की खांदे उडवायची आणि "काय माहीत" म्हणायची. त्या शनिवारी ती बायकांच्या खोलीत एका कोपऱ्यातल्या आजींजवळ बसली होती. त्यांच्या पायांची नखं इतकी वाढली होती की चप्पल घालता येत नव्हती. मुलीने काही न विचारता स्वयंपाकघरातून गरम पाण्याचं घमेलं आणलं, आजींचे पाय त्यात बुडवले, आणि अर्ध्या तासाने नखं मऊ झाल्यावर एकेक करून कापली. मधेच आजी ओरडल्या तर ही म्हणायची, "झालं झालं, करंगळी राहिली." पुढच्या शनिवारी पाच बायका पाय धुऊन रांगेत बसल्या होत्या. मुलगी घरून नेलकटर, कानशी आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली होती.

त्या पहिल्या आजी पिंपळनेरकडच्या एका खेड्यातल्या. फक्त अहिराणी बोलायच्या. आमच्या शाळेत अहिराणी बोललेलं चालत नाही असा काही नियम नाही, पण ती कोणी बोलत नाही. मी स्वतः तीच भाषा बोलत मोठी झाले, आणि स्टाफरूममध्ये मी ती कधी तोंडातून काढलेली नाही. ही मारवाड्याची मुलगी मात्र दोन महिन्यांत ती शिकली. आजींनी तिला सांगितलं होतं, आजी नको म्हणू, मोठमाय म्हण. मग ती मोठमायच म्हणायची.

एकदा तिचे वडील शाळेत भेटले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोरीला काय शिकवलं? परवा दुकानात खेड्यातलं गिऱ्हाईक आलं, तर ही म्हणते, 'काय दखाडू, अक्का?' त्या बाईंनी तीन साड्या जास्त घेतल्या. मी म्हटलं, बाई, आता गल्ल्यावर तूच बैस." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरी आल्यावर वही काढून बसते हो. पहिल्यांदा. कोणी न सांगता. नर्सिंगला काय लागतं विचारत होती." सिस्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आम्हाला जे हवं होतं ते एका तरी मुलीत दिसलं होतं.

आता त्या फोटोचं. शनिवारच्या सेवेची एक फाइल होती आणि तिला फोटो लागायचे. मी गाण्यांचे, झाडलोटीचे फोटो काढायचे. मुलगी एकदा मला म्हणाली, "टीचर, मोठमायचा फोटो नका काढू. तिला नाही आवडत."

"का गं?"

"नाही आवडत."

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा संकोच. पण एका शनिवारी दुपारी मी दारात उभी होते. मोठमाय खाटेवर, मुलगी खाली बसलेली, मोठमायचा पाय तिच्या मांडीवर, आणि दोघी कशावरून तरी खळखळून हसत होत्या. इतका चांगला फोटो फाइलमध्ये एकही नव्हता. मी तो काढला. फाइलमध्येच राहील असं मी स्वतःला सांगितलं. ऑफिसला तो आवडला. शाळेच्या पेजवर गेला, पालकांच्या ग्रुपवर गेला. शंभर जणांनी हात जोडले. सिस्टर म्हणाल्या, "बघा, हीच खरी शाळा." दोन दिवस मी आनंदात होते.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलगी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. रडत नव्हती. म्हणाली, "टीचर, मी सांगितलं होतं."

तिने मला काय ते तेव्हा सांगितलं. मोठमाय आश्रमात आहे हे तिच्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. गावाच्या लेखी ती जळगावला मुलाकडे होती. दर शनिवारी संध्याकाळी तिच्या नणंदेचा गावाहून फोन यायचा, आणि मोठमाय खाटेवर बसून सांगायची, "आठे बठ्ठं बरं शे. ऊन तं लई शे जळगावले. सून गरम गरम वाढस." म्हणजे, इथे सगळं बरं आहे. बाजूला बसलेल्या मुलीला एकदा कळलं की हे खरं नाही. तिने कोणाला सांगितलं नाही. उलट शनिवारी येण्याआधी ती वडिलांच्या मोबाइलवर जळगावचं हवामान बघून यायची. आज तिथे पाऊस झाला, आज ढग आहेत, असं मोठमायच्या कानात सांगायची, म्हणजे बोलण्यात चूक व्हायला नको. तीन वर्षं त्या बाईने मुलाची लाज राखली होती. गावाला हे कळू नये, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

मी ऑफिसात धावले. फोटो पेजवरून काढला गेला. पण तोवर तो साक्रीच्या, पिंपळनेरच्या ग्रुपांवर फिरून झाला होता. काढून टाका असं मी कोणाकोणाला सांगणार होते?

शनिवारी आम्ही गेलो तेव्हा खाट रिकामी होती. गादीची वळकटी केलेली. व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, तुमचा फोटो गाजला बरं का. गावचे दोन भाऊबंद जळगावला मुलाच्या दारात गेले. 'आईले आश्रममा टाकं का रे?' म्हणून चार लोकांत त्याला धुतलं. बुधवारी गाडी घेऊन आला, घेऊन गेला."

"आजी काही बोलल्या?"

"पिशवी उचलली, निघाल्या. चांगलंच झालं ना? आई घरी गेली."

मलाही एक क्षण तसंच वाटलं. आई घरी गेली. मी तसं मुलीला म्हणालेही. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती दुसऱ्या आजींच्या पायाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिने दोघींचीच नखं कापली, आणि एकीला लागलं.

मी सिस्टरांना सगळं सांगितलं. फोटो चोरून काढला हेही. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "मी प्रार्थना करीन. तुम्ही जाऊन या. मुलीला यायचं असेल तर तिच्या वडिलांना विचारून न्या." वडील हो म्हणाले. पत्ता आश्रमाच्या रजिस्टरमध्ये होता. पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघी जळगावच्या एसटीत बसलो. मुलीने सोबत डाळिंबं घेतली होती. बसमध्ये तिने मला विचारलं, "टीचर, माफी कशी मागायची? अहिराणीत?" मी तिला वाक्य सांगितलं. मी ते घोकतही होते, कारण माफी मलाच मागायची होती.

जळगावला गावाबाहेरच्या एका कॉलनीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मुलगा एका डाळ मिलमध्ये कामाला. दार सुनेने उघडलं. शाळेचं नाव ऐकताच तिचा चेहरा बदलला, पण ती म्हणाली, "या, बसा. फोटो नका काढू फक्त." आत मोठमाय भिंतीला टेकून बसली होती. अंगावर नवी साडी. शेजारी तशाच वयाची, जाड चष्म्याची एक बाई पाय पसरून बसलेली. मुलाने ओळख करून दिली. "ही माझी आत्या. कालच आली गावाहून. आईला बघायला."

मला कळलं. फोनवरची नणंद ती हीच. खरं काय ते डोळ्यांनी बघायला आली होती.

मुलीला ते कळलं नाही, किंवा कळूनही थांबवलं नाही. ती सरळ मोठमायसमोर जाऊन बसली. "मोठमाय."

मोठमायने तिच्याकडे बघितलं. मग मुलाला विचारलं, "कोनी पोर शे ही?"

"आई, ही धुळ्याची..." मुलगा अडखळला. "तुझी नखं कापायची म्हणे ती."

"मन्हा नखं तं मन्ही सून कापस," मोठमाय म्हणाली. मोठ्याने म्हणाली, नणंदेला ऐकू जाईल असं. "माले नही माहीत ही कोन शे. फोटूमा दुसरीच कोनी व्हई. म्हाताऱ्या बठ्ठ्या सारख्याच दिसतस."

आत्या चष्म्यातून मुलीकडे बघत होती. "खरं का वं पोरी?" तिने विचारलं.

मी घोकलेलं वाक्य माझ्या ओठांवर होतं. ते बोलले असते तर मोठमायची उरलेली लाजही गेली असती. मुलगी म्हणाली, "माझी चूक झाली. त्या आजी वेगळ्या होत्या." अहिराणीत नाही, साध्या मराठीत म्हणाली. परक्या मुलीने बोलावं तसं. मग ती मोठमायच्या आणि आत्याच्या पाया पडली आणि उठली. डाळिंबांची पिशवी तिने दाराशी ठेवली. सुनेने ती उचलून परत तिच्या हातात दिली. "ओळख नाही तर कशाला?"

आम्ही जिना उतरलो तेव्हा मागून मुलगा आला. चप्पल न घालताच आला होता.

"मॅडम, मी तिला टाकलं नव्हतं," तो म्हणाला. "घरात रोज भांडणं. तीच म्हणाली, मला धुळ्याला ठेव, तिथे मला कोणी ओळखत नाही. गावाचं मी बघते, म्हणाली." त्याने वर जिन्याकडे बघितलं. "आणल्यापासून ती बोललेली नाही. माझ्याशी नाही, बायकोशी नाही. आज पहिल्यांदा बोलली."

मी म्हणाले, "फोटो माझ्यामुळे गेला. मला माफ करा."

त्याने मान हलवली. ते ऐकायला तो आलाच नव्हता. "आत्या मंगळवारी जाईल," तो म्हणाला. "त्यानंतर... आश्रमात तिची जागा अजून आहे का? गावाला मी काहीतरी सांगेन."

ती जागा गेली होती. कालच्याच शनिवारी त्या खाटेवर नंदुरबारकडच्या एक आजी येऊन बसल्या होत्या, आणि आश्रमाची यादी लांब होती. हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "मी विचारते."

"जागा नाहीये," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या आजी आल्या तिथे."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि वर गेला.

बस स्टँडवर धुळ्याची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. पिशवी तिच्या मांडीवर होती. मी तिला चहा घेतेस का विचारलं, ती नको म्हणाली. मग तिने विचारलं, "टीचर, तुम्ही 'विचारते' का म्हणालात?"

"त्यांना जरा बरं वाटावं म्हणून."

"वाटलं नाही," ती म्हणाली.

गाडी लागली, आणि आम्ही जागा धरायला उठलो.