गोदाबाईंच्या आवाजातली गिरणीची पोर

बहारीनच्या झिंज भागातल्या मराठी घरांत अशी वदंता होती की शिरीष आणि शुभदा यांच्याकडच्या गोदाबाई इंग्रजी कविता ऐकून ढसाढसा रडल्या आणि तेवढ्यावर त्यांना दोन महिन्यांची रजा मिळाली. ‘स्वयंपाकाची बाई, पण काळीज कवीचं,’ असं लोक कौतुकानं सांगत.

गोदाबाई रडल्या नव्हत्या. त्या सुरमई तळत होत्या. रडल्या त्या शुभदा, आणि त्याही बाथरूममध्ये, नळ सोडून.

गोदाबाई मालवणकडच्या. १९८० साली बहारीनला आल्या, त्यानंतर तीन वर्षं गाव दिसलं नव्हतं. पासपोर्ट शुभदांच्या कपाटात, पैठणीखाली. लेक मालू पहिलटकरीण, सातवा महिना. बाळंतपणाला गोदाबाईंशिवाय तिचं कोणी नव्हतं. रजेचं विचारलं की शुभदा गोड हसून म्हणायच्या, “बघू हं, गोदाबाई. लीनाची परीक्षा होऊ दे. इंशाल्ला.” त्या घरात इंशाल्लाचा अर्थ ‘नाही’ असा होता. सोळा वर्षांची लीना हे वाक्य आईच्या आवाजात असं म्हणायची, की फोनवर शिरीष तिला “बरं, शुभा” म्हणाले होते.

त्या वर्षी लीनाला शाळेत एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कविता होत्या, कामगारांवरच्या. खाणी, गिरण्या, धुराडी. माणसं दुसऱ्या कडव्यात खोकायला लागत आणि शेवटच्या कडव्यात जात. पाठांतराच्या स्पर्धेसाठी लीनानं गिरणीतली एक पोर निवडली आणि स्वयंपाकघरात छातीवर हात ठेवून, गळ्यात हुंदका आणून तालीम सुरू केली.

“काय झाला तिका?” तांदूळ निवडता निवडता गोदाबाईंनी विचारलं.

“पहाटे चारला उठते. चौदा तास उभी. आईला भेटायला एक दिवस मागते, तर मालक म्हणतो, बघू. शेवटी मरते.”

“म्हणजे सुटी गावली,” गोदाबाई म्हणाल्या. एक खडा बाजूला टाकला. “पण तू रडतंस कित्याक?”

“दुःखाची कविता आहे, गोदाबाई.”

“कामार कोण रडता? रडलंस तर हात थांबता. माझ्या आवाजात म्हण. माझ्या पाठी करतंस ना माझी नक्कल?”

लीना खाली बघून म्हणाली, “लोक हसतील.”

“कोण हसाचो नाय. लाव पैज.”

“आणि हरले तर?”

“मी रजेर गेल्यार भांडी तू घासूची.”

लीनानं विचार केला. रजा काही मिळत नाही, म्हणजे भांडीही येत नाहीत. “लागली,” ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी शिरीषांच्या बँकेतली दोन कुटुंबं जेवायला आली. शुभदा म्हणाल्या, “लीना, ती गिरणीतली म्हणून दाखव ना.”

लीना उभी राहिली. नसलेल्या पदराला हात पुसले. गॅस संपला हे गोदाबाई ज्या सुरात कळवतात, त्या सुरात तिनं इंग्रजी कविता सुरू केली. प्रत्येक ओळीनंतर पुढचा हुकूम येईल एवढी जागा सोडली. चारला उठणं. चौदा तास. उभं राहणं. पाहुण्यांतले चंद्रशेखरकाका पापड मोडायचे थांबले. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. आत्ताच त्यानं ‘भात वाढू?’ म्हणून विचारलं होतं.

मग कवितेत मालक आला. पुढचं ठरलेलं नव्हतं, पण लीनाची जीभ आपली आपण वळली. मालक गोड हसला, मान तिरकी केली आणि ‘हं’ लावून म्हणाला, बघू. इंशाल्ला म्हणायची गरजच पडली नाही.

कोणी हसलं नाही. आतून तेवढा सुरमईचा चर्र आवाज येत होता. शुभदा उठून गेल्या. नळ बराच वेळ वाहिला. बाहेर आल्या त्या थेट स्वयंपाकघराच्या दारात.

“गोदाबाई, मालूला कितवा?”

“आठवो सरत इलो.”

“मग आता निघायला हवं तुम्ही.”

संध्याकाळी पासपोर्ट पैठणीखालून निघाला. आठवडाभरात गोदाबाईही निघाल्या. जाताना लीनाच्या हातात त्यांनी भांडी घासायचा काथ्या दिला.

महिन्याभरानं जावयाच्या अक्षरात पत्र आलं. ‘मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. लीनाबायला सांगावे, सुरमईची कढई बाहेरूनही घासायची असते.’

लीनानं कढई उलटी करून पाहिली आणि परत नळाखाली धरली.